पट्टीचा रंग बदलतो, पट्टी सुटत नाही

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. दिवसभर तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली बसतात. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही पुस्तकं मिटायला लावतो, भिंतीवर पडदा टांगतो आणि एखादा चित्रपट किंवा माहितीपट दाखवून त्यावर चर्चा घेतो. या वेळी मुलांनी आमचं ऐकलं नाही. त्यांनी हट्टाने एक जपानी अ‍ॅनिमेशन मालिका लावायला लावली. नाव 'अटॅक ऑन टायटन'.

आम्ही मनात म्हटलं, कार्टून आहे, अर्ध्या तासात संपेल. भाग अर्ध्या तासाच्या आत संपला, पण चर्चा रात्री साडेदहापर्यंत चालली. त्या चर्चेतून जे प्रश्न उभे राहिले ते कार्टूनचे नव्हते. ते १८१८चे, १८९२चे, १९२७चे होते. म्हणून हा लेख.

भागात काय आहे?

हाजिमे इसायामा या जपानी चित्रकथाकाराची ही कथा २००९ ते २०२१ या काळात जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरची मालिका २०१३ साली सुरू झाली आणि २०२३ साली संपली. पहिली तीन पर्वं आपण एका बेटावरच्या माणसांबरोबर असतो. भिंतींच्या आत कोंडलेली ही माणसं, बाहेर माणसं खाणारे राक्षसी टायटन. प्रेक्षक त्या बेटावरच्या तरुणांना आपले नायक मानतो, त्यांच्यासाठी रडतो, त्यांच्यासारखी छातीवर मूठ ठेवून सलामी देतो.

मग डिसेंबर २०२०मध्ये शेवटच्या पर्वाचा पहिला भाग आला आणि त्यात कथा एकदम समुद्रापलीकडे गेली. ओळखीचा एकही नायक नाही. समोर 'मार्ले' नावाचं साम्राज्य, त्याचं चार वर्षं चाललेलं युद्ध, चिखलाने भरलेले खंदक आणि त्या खंदकांत सैनिक म्हणून उतरवलेली लहान मुलं.

ही मुलं 'एल्डियन' वंशाची आहेत. मार्लेमध्ये एल्डियन लोकांना शहरातल्या एका वेगळ्या, कुंपण घातलेल्या वस्तीत राहावं लागतं. परवान्याशिवाय बाहेर पडता येत नाही. प्रत्येकाच्या दंडावर पट्टी. गुन्हा काय? पूर्वजांनी केलेलं पाप. त्यांचं रक्तच सैतानाचं आहे, असं मार्लेच्या शाळेत शिकवतात आणि एल्डियन मुलंही तेच पाठ करतात.

यातून सुटायचा एकच रस्ता राज्याने ठेवला आहे: युद्ध. जे मूल मार्लेचं 'वॉरियर' होईल त्याला आणि त्याच्या कुटुंबाला 'सन्माननीय मार्लेयन' हा दर्जा मिळतो. त्याची किंमतही ठरलेली आहे. टायटनची शक्ती घेतली की आयुष्याची तेरा वर्षं उरतात.

गाबी ही बारा वर्षांची मुलगी या सन्मानासाठी धडपडते आहे. शत्रूच्या किल्ल्यापुढे चिलखती रेल्वेगाडी उभी आहे. ती फोडण्यासाठी शेकडो एल्डियन सैनिकांना मरायला पाठवण्याचा विचार चाललेला असताना गाबी हातबॉम्बची मोळी बांधते, शरण येणाऱ्या मुलीचं सोंग घेऊन एकटी पुढे जाते आणि गाडी रुळावरून उडवते. परत येताना ती हसत असते. तिने आपल्या लोकांचे जीव वाचवले आणि आपल्या घराचा मान वाढवला, अशी तिची खात्री आहे. त्यानंतर काही वेळातच मार्लेचं सैन्य विमानातून एल्डियन माणसंच बॉम्बसारखी खाली टाकतं. गाबीच्याच रक्ताची माणसं.

तीन प्रतिक्रिया

भाग संपल्यावर आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला. काय वाटलं?

पहिली प्रतिक्रिया रागाची होती. बहुतेक मुलांनी मालिका आधी पाहिलेली होती. पुढे हीच गाबी बेटावरच्या एका लाडक्या पात्राला गोळी घालते, हे त्यांना माहीत होतं. "सर, ही पोरगी डोक्यात जाते." "गुलाम आहे ती. ज्यांनी पट्टी बांधली त्यांच्यासाठीच लढते." हा राग आमच्या अभ्यासिकेपुरता नाही. जगभरच्या प्रेक्षकांनी गाबीचा जितका तिरस्कार केला तितका या मालिकेत फार थोड्या पात्रांच्या वाट्याला आला. गंमत अशी, की एरेन या मूळ नायकाने बालपणी शत्रूला संपवण्याची शपथ घेतली तेव्हा याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तोच द्वेष, तीच शपथ, तेच वय. फक्त कुंपणाची बाजू वेगळी.

दुसरी प्रतिक्रिया अभिमानाची होती. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा उठून म्हणाला, "काहीही म्हणा, पण नडली. शेकडो लोकांच्या जागी एकटी गेली. आपले पूर्वजही असेच होते. भीमा कोरेगावला पाचशेच होते." वर्गात टाळ्या पडल्या.

तिसरी प्रतिक्रिया एका मुलीची. ती उशिरा बोलली आणि हळू बोलली. "वॉरियर झाल्यावरसुद्धा पट्टी निघत नाही. नुसता रंग बदलतो. वस्तीतल्यांची करडी, उमेदवारांची पिवळी, वॉरियरची लाल. मग मिळालं काय?"

टाळ्या थांबल्या. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला त्या रात्री नीट देता आलं नाही. ते इथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

जपानच्या घरातली पट्टी

ही कथा जपानची आहे, म्हणून आधी जपानकडे पाहू. तिथेही जन्मावरून ठरलेली अस्पृश्यता होती, हे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसतं. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, फाशीच्या जागेवरची कामं करणं ही ज्यांच्या वाट्याला आली त्यांना 'एता' आणि 'हिनिन' म्हणत. 'हिनिन' म्हणजे सरळ अर्थाने 'माणूस नसलेला'. १८७१ साली मेइजी सरकारने फर्मान काढून ही नावं रद्द केली. दोन वर्षांनी, १८७३ साली, सक्तीची सैन्यभरती आली. म्हणजे कागदावर माणूसपण मिळालं आणि पाठोपाठ बंदूक हातात आली. गावाने मात्र त्यांना 'नवे सामान्यजन' असं कुत्सित नाव देऊन जुनी पट्टी नव्या रंगात परत बांधली. पुढे त्यांच्या वस्त्यांच्या नावावरून त्यांना 'बुराकू' लोक म्हटलं जाऊ लागलं.

१८८२ साली सम्राटाने सैनिकांसाठी आज्ञापत्र काढलं. कर्तव्याचं ओझं मोठं आणि मरण मात्र हलकं, अशी त्याची शिकवण. सामुराई नावाच्या एका वरच्या वर्गाची मानापमानाची कल्पना अशा रीतीने सगळ्या राष्ट्राच्या गळ्यात बांधली गेली. शेतकऱ्याच्या पोराला आणि चांभारकाम करणाऱ्याच्या पोराला सांगण्यात आलं, की सम्राटासाठी मर, म्हणजे तूही मानाचा.

बराकीत काय होतं? १९२६ साली फुकुओकाच्या पायदळ रेजिमेंटमधल्या जातिभेदाविरुद्ध बुराकू लोकांच्या 'सुइहेइशा' या संघटनेने लढा उभारला आणि त्यांचे नेते मात्सुमोतो जिइचिरो यांना अटक झाली. १९ नोव्हेंबर १९२७ रोजी नागोयात सम्राट हिरोहितोच्या समोर सैन्याचं संचलन चाललं होतं. कितहारा ताइसाकु नावाचा एक बुराकू शिपाई रांगेतून बाहेर पडला आणि हातात अर्ज घेऊन थेट सम्राटापुढे गुडघ्यावर बसला. सैन्यात आमच्या लोकांशी भेदभाव होतो, असं त्याचं म्हणणं. ज्याच्यासाठी मरायची शपथ घेतली त्यालाच त्याने गाऱ्हाणं सांगितलं. त्याला एक वर्षाची कैद झाली.

पुढे १९३२ साली शांघायच्या लढाईत तीन जपानी शिपायांनी स्फोटकांची लांब नळी घेऊन तारेच्या कुंपणावर झेप घेतली आणि ते मेले. वर्तमानपत्रांनी, सिनेमांनी, नाटकांनी त्यांना 'तीन मानवी बॉम्ब' म्हणून डोक्यावर घेतलं. त्यांच्यात बुराकू तरुण होते, अशी कुजबुज त्या काळात पसरली होती. ती खरी असो वा खोटी, लोकांना ती शक्य वाटली ही गोष्ट महत्त्वाची. ज्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या हातात बॉम्ब द्यायला कोणाची हरकत नसते.

इसायामाने हाच इतिहास डोळ्यासमोर ठेवून गाबी लिहिली, असा आमचा दावा नाही. मार्लेच्या वस्त्या आणि पट्ट्या पाहून बहुतेकांना नाझी जर्मनीतले ज्यू आठवतात आणि त्या चित्रणावर वादही झाले आहेत. आमचं म्हणणं एवढंच, की ही यंत्रणा एका देशाची नाही. आधी जन्मावरून माणूसपण काढून घ्यायचं, मग त्यातला एक तुकडा युद्धाची मजुरी म्हणून परत द्यायचा. मजुरीला नाव द्यायचं सन्मान.

आपल्या घरातली पट्टी

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. इथे दुखेल, पण बोलावं लागेल.

१ जानेवारी १८१८. भीमा नदीच्या काठी कोरेगाव. कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीने दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या फौजेपुढे दिवसभर तग धरला. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस नावं आपल्या समाजाची. ज्या पेशवाईत आपल्या माणसाच्या सावलीचा विटाळ होत होता, तिच्या शेवटाशी आपल्या माणसांचं रक्त जोडलेलं आहे. या गोष्टीचा अर्थ मोठाच आहे आणि तो कोणी पुसू पाहत असेल तर आम्ही त्याच्याशी भांडू.

पण १८१८ नंतरची पानंही वाचली पाहिजेत. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार मोठ्या संख्येने होते. सैन्याने पगार दिला, निवृत्तिवेतन दिलं, पलटणीच्या शाळा दिल्या. सैनिकांच्या मुलामुलींना तिथे अक्षर मिळालं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्मच १८९१ साली महूच्या लष्करी छावणीतला. हे ऋण नाकारायचं कारण नाही.

मग १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची भरती थांबवली. 'लढवय्या जाती' नावाचा नवा सिद्धांत आला होता. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींना उत्तरेकडच्या काही जाती जन्माने शूर वाटत होत्या आणि बाकीच्या जन्माने कमी. ज्यांची नावं सरकारनेच दगडात कोरली होती, त्यांचे नातू एका फटक्यात 'लढवय्ये नाहीत' असे ठरले.

शेवटच्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात मार्लेचे सेनाधिकारी बोलताना दाखवले आहेत, की तोफा सुधारल्या, आता टायटनांचा काळ संपत आला. म्हणजे एल्डियनांचा उपयोगही संपत आला. आमच्या अंगावर तिथे काटा आला. उपयोगातून आलेला सन्मान उपयोगाबरोबरच जातो.

भरतीबंदीनंतर आपल्या पूर्वजांनी काय केलं? महाडजवळच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारसाठी अर्ज तयार केला. त्यात जुन्या सेवेची आठवण होती आणि आम्ही मूळचे क्षत्रिय आहोत असाही दावा होता. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून पोलीस आणि सैन्याची दारं उघडण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा दार उघडलं. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ साली पलटण मोडली.

वलंगकरांना आम्ही दोष देत नाही. आपल्या चळवळीचे ते आद्य पुरुष आहेत. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा माणूस गुलाम मनाचा असूच शकत नाही. पण त्या अर्जाची भाषा कोणाची होती, हे विचारायला हवं. 'आम्ही क्षत्रिय होतो, म्हणून आम्हाला मान द्या' असं म्हणताना वर्णाची शिडी कायम राहते, आपण फक्त वरची पायरी मागतो. इंग्रजाला त्याच्या शौर्याच्या भाषेत आणि ब्राह्मणाला त्याच्या वर्णाच्या भाषेत पटवायचं. त्या काळात त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

आणि मिळालेला सन्मान गावात चालत होता का? १९०१च्या सुमाराची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली सुभेदारांची मुलं मसूर स्टेशनवर उतरली. नवे कपडे, नीटनेटकी मुलं. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो मागे सरकला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं, असं ठरलं. रात्रभर पाणी मिळालं नाही. सुभेदाराचा हुद्दा मसूरच्या फलाटावर एक घोट पाणी देऊ शकला नाही.

मालिकेत राइनर नावाचा वॉरियर आहे. त्याचे वडील मार्लेयन, आई एल्डियन. आपण वॉरियर झालो, सन्माननीय झालो, की आईवडील आणि आपण एका घरात राहू, एवढंच त्या पोराचं स्वप्न. तो वॉरियर होतो, वडिलांकडे जातो. वडील त्याला हाकलून देतात. लाल पट्टी घेऊन उभा असलेला राइनर आणि मसूरच्या फलाटावरची सुभेदाराची मुलं आम्हाला एकाच रांगेत उभी दिसतात.

१९२७

नागोयात कितहारा सम्राटापुढे गुडघ्यावर बसला ते साल १९२७. आपल्यासाठीही तेच साल.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. सभा शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने झाली होती. तिथे बाबासाहेबांनी नुसता जयजयकार केला नाही. आपले लोक इंग्रजांच्या बाजूने लढले आणि त्याच इंग्रजांनी पुढे आपल्याला 'लढवय्ये नाहीत' ठरवलं, या कृतघ्नतेवर त्यांनी बोट ठेवलं. आपले लोक त्या सैन्यात का गेले, याचंही कारण त्यांनी सांगितलं: सवर्णांनी जनावरापेक्षा वाईट वागवलं, पोट भरायला दुसरा मार्ग ठेवला नाही. म्हणजे स्तंभापाशी उभं राहूनही त्यांनी शौर्याइतकीच लाचारीची कारणं सांगितली. भरतीबंदी उठवण्यासाठी चळवळ करा, असंही ते म्हणाले.

त्यानंतर तीन महिन्यांनी, २० मार्चला, महाडचं चवदार तळं. तिथे गेलेल्यांत कोकणातले अनेक निवृत्त सैनिक होते. त्याच पलटणींची माणसं, तीच शिस्त. पण या वेळी त्यांनी कोणाकडे अर्ज केला नाही, जुन्या लढाईचा दाखला दिला नाही, क्षत्रिय असल्याचा पुरावा दिला नाही. ते तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. पाणी पिण्यासाठी शूर असावं लागत नाही. तहान असणारा माणूस असावं लागतं.

२५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली त्या परिषदेत सर्व माणसं जन्मतः समान आहेत, हे ठरावाने जाहीर केलं. 'जन्मतः' या शब्दावर थांबा. जी व्यवस्था जन्माचं कारण सांगून माणूसपण काढून घेते, तिला तेच जन्माचं कारण सांगून उत्तर दिलं. १९२२ साली क्योतोत जन्मलेल्या सुइहेइशाच्या जाहीरनाम्यातही हाच सूर होता: दया करणाऱ्यांनीच आम्हाला लहान केलं, आता आम्ही आमचं माणूसपण स्वतः उभं करू. दोन्ही देशांतल्या अस्पृश्यांना पाच वर्षांच्या अंतराने एकाच जागी पोहोचावं लागलं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्या तरुणांना सैन्यात जायला सांगितलं की! १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. मग?

मग त्यामागची कारणं पाहा. नोकरी, शिस्त, शस्त्रशिक्षण, राज्ययंत्रणेत वाटा आणि वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या नाझीवादाविरुद्धची लढाई. हे हिशेब आहेत आणि सरळ आहेत. सैन्यात गेल्याने तुम्ही माणूस व्हाल, असं बाबासाहेब कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, तुम्ही माणूस आहातच, म्हणून सैन्याचं दारही तुमच्यासाठी उघडं पाहिजे. भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या मित्राला आम्ही हेच सांगितलं. जरूर पळ, मैदान मार, वर्दी घाल. पण वर्दीने तुला इज्जत दिली असं समजू नकोस. दिलेली वस्तू परत मागता येते.

गाबीचा राग आणि आपला अभिमान

आता पहिल्या दोन प्रतिक्रियांकडे परत जाऊ.

गाबीचा तिरस्कार करणाऱ्यांनी पुढचा एक प्रसंग आठवावा. बेटावरची काया नावाची मुलगी गाबीला विचारते, माझ्या आईला टायटनने जिवंत खाल्लं, तिने काय गुन्हा केला होता? गाबी पाठ केलेलं उत्तर देते: तुमच्या पूर्वजांनी पाप केलं. काया म्हणते, पण माझी आई तर इथेच जन्मली, इथेच वाढली, तिने यातलं काहीच केलं नाही. गाबीकडे उत्तर नसतं. पूर्वजांचं पाप, मागल्या जन्मीचं पाप. शब्द बदलतात, हिशेब तोच. हा हिशेब गाबीला शाळेने शिकवला. आपल्या आजी-पणजीला तो कीर्तनाने शिकवला होता. 'आपलं नशीबच असं' म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांचा आपण तिरस्कार करतो का? करत नाही, कारण त्यांच्या डोक्यात ते कोणी घातलं हे आपल्याला ठाऊक आहे. मग गाबीलाच शिव्या देऊन मार्लेला का सोडायचं? राग करायचा तर पट्टी शिवणाऱ्याचा करा.

दुसरी प्रतिक्रिया जास्त अवघड, कारण ती आमच्याही छातीत आहे. १ जानेवारीला स्तंभापुढे उभं राहिलं की आमचाही ऊर भरून येतो. पण गेल्या काही वर्षांत 'आमचं रक्तच लढवय्यं' अशी भाषा आपल्या तरुणांच्या तोंडी वाढताना आम्हाला दिसते. मित्रांनो, रक्ताने शूर ही कल्पना लॉर्ड रॉबर्ट्सची आहे. तिच्या आधी ती मनूची आहे. याच कल्पनेने आपल्याला सैन्यातून हाकललं आणि याच कल्पनेने गावकुसाबाहेर ठेवलं. ती उलटी फिरवून डोक्यावर घेतली म्हणून ती आपली होत नाही.

आणि मग बाकीच्यांचं काय? त्या बावीस जणांच्या घरी राहिलेल्या बायका, गावात मेलेलं ढोर ओढणारे, वेसकर म्हणून रात्रभर जागणारे, दुष्काळात दगड फोडणारे, झाडू घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरलेले. ज्यांनी कधी बंदूक धरली नाही असे आपले लाखो पूर्वज. त्यांची नावं कोणत्याच दगडावर नाहीत. त्यांची इज्जत बावीस जणांपेक्षा कमी होती का? कमी होती असं आपण एकदा मान्य केलं, तर इज्जत कमवावी लागते हेही मान्य केलं. आणि कमवावी लागते तर ती मोजणारा मालकही मान्य केला.

रोहिणीच्या काठावर

शेवटी एक आठवण, जी आपल्या प्रत्येक घरातल्या ग्रंथात आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा वेगळी सांगितली आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो निघून गेला, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचं भांडण पेटतं. शाक्यांचा सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. क्षत्रियाचा धर्म लढणं, असं तो सांगतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. वैराने वैर शमत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची माणसं बसवून वाद मिटवा, असं त्याचं म्हणणं. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर होतो. सैन्यात भरती हो, नाहीतर शिक्षा भोग, कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती, असे पर्याय पुढे येतात. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून सिद्धार्थ परिव्रज्या स्वीकारतो.

बाबासाहेबांनी धम्माची सुरुवात इथून केली, हे आपण पुरेसं लक्षात घेत नाही. क्षत्रिय म्हणून जन्मलेल्या माणसाने क्षत्रियाचा सन्मान नाकारला. पाण्यासाठी लढाई नको म्हणाला. आणि त्याच्या मागे जाणाऱ्या माणसांनी १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह केला, कोणाचंही रक्त न सांडता. दगड सवर्णांनी मारले, आपण नाही.

त्या रात्री अभ्यासिकेला कुलूप लावताना ती मुलगी पायऱ्यांवर थांबली होती. पुढच्या महिन्यात काय दाखवणार, असं तिने विचारलं. आम्ही म्हटलं, काही दाखवणार नाही, वाचणार आहोत: बाबासाहेबांच्या मसूरच्या प्रवासाची हकीकत, मोठ्याने, आळीपाळीने. आणि येत्या १ जानेवारीला कोरेगावला जाताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका अशा पूर्वजाचं नाव कागदावर लिहून आणायचं, ज्याने कधी लढाई पाहिली नाही. पणजी असेल, खापरपणजा असेल. माहीत नसेल तर घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं. तेही सांगू शकले नाहीत तर कोरा कागद आणायचा.

स्तंभाला मानवंदना देऊन झाली की ती नावं आपण मोठ्याने वाचू. कोरे कागदही वर धरू.

जयभीम! नमो बुद्धाय!